सायलेन्सर मोकळा, पण श्वास कोंडलेलाच!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक गाडी अशी असतेच, जी दिसायच्या आधी ऐकू येते. गेटवरचा वॉचमन तोंड वाकडं करतो, लायब्ररीतली चार डोकी खिडकीकडे वळतात आणि कट्ट्यावर चर्चा सुरू होते. ‘स्टॉक सायलेन्सर होता ना, तेव्हा गाडी कोंडल्यासारखी चालायची. आता बघ कशी मोकळी झालीय. पिकअप डबल!’ हे वाक्य तुम्ही ऐकलंय. कदाचित बोललाही असाल. आणि कदाचित पार्टटाइम जॉबच्या दोन महिन्यांच्या पगारातून तशीच पुंगळी घ्यायची, हे मनात पक्कंही झालं असेल.

घ्या, पैसे तुमचे आहेत. पण त्याआधी एक गंमत बघू या. प्रश्न साधा आहे : इंजिन जेवढी हवा आत घेतं, त्यापेक्षा बाहेर जास्त पडते की कमी? आणि बाहेरची वाट मोकळी केली, की आत जास्त हवा येते का? कट्ट्यावर याचं उत्तर ‘अर्थात येते’ असं मिळेल. गणित थोडं वेगळं सांगतं.

गणितासाठी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० घेऊ. पुंगळीचे सगळ्यात जास्त प्रयोग जिच्यावर होतात, तिचाच मान पहिला. इंजिन ३४९ सीसी, सिलिंडर एक. फोर-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच श्वास. ४००० आरपीएमला, म्हणजे कंपनीच्या आकड्यांप्रमाणे जिथे या गाडीचा टॉर्क सर्वाधिक असतो तिथे, मिनिटाला २००० श्वास होतात. प्रत्येक श्वासात ३४९ सीसी, म्हणजे मिनिटाला जवळपास ७०० लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. पिस्टन खाली यायला साडेसात मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात हवेला फिल्टर, थ्रॉटल, वळणं आणि व्हॉल्व्हची फट पार करून आत शिरायचं असतं. म्हणून ८५ टक्के भरलं असं धरू. उरली सुमारे ५९० लिटर. वजन केलं तर ही हवा भरते ६८० ग्रॅमच्या आसपास. हो, हवेलाही वजन असतं; अकरावीत शिकलोय, पण कुणी मनावर घेत नाही.

आता एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. त्या हिशेबाने ६८० ग्रॅम हवेसोबत ४६ ग्रॅम पेट्रोल. दोन्ही मिळून ७२६ ग्रॅम. आणि सायलेन्सरमधून बाहेर काय पडतं? तेच ७२६ ग्रॅम. ना कमी, ना जास्त. इंजिन वस्तुमान तयार करत नाही आणि गिळूनही टाकत नाही. आत गेलं तेवढंच बाहेर.

पण आकारमान बघा. आत आलेली हवा तीस अंशांवर होती, बाहेर पडणारा वायू सहाशे-साडेसहाशे अंशांवर असतो. तापलेला वायू फुगतो. शिवाय पेट्रोल जळताना रेणूंची संख्याही थोडी वाढते. सगळं धरून ५९० लिटरचे झाले साधारण १९०० लिटर. म्हणजे बाहेर पडणारा धूर आत आलेल्या हवेच्या तिपटीहून जरा जास्तच जागा मागतो.

(जाता जाता : याच धुरात पाण्याची वाफही असते आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडतात, ते हेच पाणी. ‘इंजिनात पाणी गेलं’ म्हणून घाबरू नका. आणि तेच एक लिटर पेट्रोल साडेनऊ हजार लिटर हवा खातं. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची हॉस्टेलची खोली घेतली, तर तिच्यातली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते.)

मग मोठं दार कुणाचं?

आता तर्क लढवा. बाहेर जाणाऱ्याला तिप्पट जागा लागते, तर बाहेरचं दार मोठं हवं. बरोबर?

गॅरेजमध्ये एखाद्या इंजिनाचं हेड खोललेलं असेल तेव्हा जाऊन बघा. दोन व्हॉल्व्ह दिसतील आणि त्यांतला मोठा निघेल इनटेकचा, आत येणाऱ्या हवेचा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लहान. चार व्हॉल्व्हचं इंजिन असेल तरी तेच. आतले दोन मोठे, बाहेरचे दोन लहान. आणि व्हॉल्व्हची संख्या विषम असेल तर जास्तीचा व्हॉल्व्ह जवळपास नेहमी आत येणाऱ्या हवेच्या वाट्याला जातो. १९८५ च्या यामाहा एफझेड ७५० मध्ये प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह होते : तीन इनटेकचे, दोन एक्झॉस्टचे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसच्या १.८ टर्बो इंजिनातही तीनास दोन असंच वाटप होतं.

हेड पोर्टिंग करणारे लोक फ्लो बेंच नावाचं यंत्र वापरतात. तत्त्व व्हॅक्युम क्लीनरसारखं : हेडमधून ठरावीक दाबाने हवा ओढायची किंवा ढकलायची आणि किती वाहिली ते मोजायचं. त्यांचा जुना ठोकताळा असा, की एक्झॉस्ट पोर्टमधून इनटेकच्या ७५ ते ८० टक्के हवा वाहिली तरी हेड चांगलं. तिप्पट सोडा, बरोबरीचीही अपेक्षा नाही. हे उलटंच नाही का?

उलटं नाही. फक्त आपण एक गोष्ट विसरलो : ढकलतंय कोण?

इनटेकचा विचार करा. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. ती कशामुळे आली? वातावरणाच्या दाबामुळे. टर्बो नसेल तर तिला ढकलायला याहून जास्त जोर नाही. एक अॅटमॉस्फिअर, बस. आणि हा पूर्ण जोरही कामी येत नाही, कारण सिलिंडरमध्ये संपूर्ण निर्वात झाली तर गाडी चालणारच नाही. प्रत्यक्षात दाबातला जो फरक हवेला आत ढकलतो, तो अॅटमॉस्फिअरच्या छोट्याशा हिश्शाएवढा असतो. आत येणारी हवा म्हणजे सकाळी आठच्या लेक्चरला निघालेले विद्यार्थी. मागून कुणी ढकलत नाही, दार रुंद ठेवलं तरच वेळेत आत येतील.

एक्झॉस्ट म्हणजे शेवटची बेल. व्हॉल्व्ह उघडतो तो पिस्टन तळाशी पोहोचायच्या आधीच आणि त्या क्षणी फुल थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये वातावरणाच्या तीन ते पाच पट दाब असतो. फट पडली रे पडली, की तापलेला वायू त्या फटीतून ध्वनीच्या वेगाने सुटतो. आणि तापलेल्या वायूत ध्वनीचा वेगही जास्त असतो : तीस अंशांच्या हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटर, तर इथे ६०० च्या घरात. पिस्टनने वर येऊन ढकलायला सुरुवात करण्याआधीच बराचसा धूर स्वतःहून निघून गेलेला असतो. याला ब्लोडाउन म्हणतात. बुलेटचा जो ‘धग धग’ तुम्हाला आवडतो ना, तो मूळचा याच ब्लोडाउनचा ठोका. सायलेन्सर येईपर्यंत तो बंदुकीच्या बारासारखाच असतो.

फ्लो बेंचवर दाबातला फरक असतो पाण्याच्या २८ इंच उंचीएवढा, म्हणजे अॅटमॉस्फिअरच्या जेमतेम सात टक्के. इनटेकच्या दृष्टीने ही परीक्षा बऱ्यापैकी खरी आहे. एक्झॉस्टला मात्र प्रत्यक्षात पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट जोर मिळतो. म्हणून तिथे ७५ टक्क्यांवर काम भागतं.

आणि तरी एक्झॉस्टचं दार मोठं करायचंच ठरवलं तर? सिलिंडरचा व्यास ठरलेला. त्या गोलात दोन्ही व्हॉल्व्ह बसवायचे. एकाला दोन मिलिमीटर जास्त दिले, की दुसऱ्याचे गेले. एसटीतल्या तिघांच्या सीटसारखं आहे हे. इंजिनाचा डिझायनर ती जागा इनटेकला देतो, कारण धूर कसाही बाहेर पडेल; पण हवा आत आलीच नाही, तर जाळायचं काय? त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सातशे अंशांच्या आसपास तापतो आणि लहान व्हॉल्व्ह मोठ्यापेक्षा लवकर उष्णता बाहेर टाकतो, हाही एक फायदा.

रुपयाएवढ्या भोकाची गोष्ट

पॉवर आत येणाऱ्या हवेवर ठरते, याचा पुरावा हवा असेल तर रेसिंगचे नियम बघा. रेस घेणाऱ्यांना गाड्यांचा वेग आवरायचा असतो, तेव्हा ते सायलेन्सर बुजवत नाहीत. नाक दाबतात.

तुमच्या कॉलेजात मेकॅनिकलची मुलं फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बनवत असतील, तर त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकदा डोकवा. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’मध्ये अशा गाड्या उतरतात. पेट्रोल गाडीला ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, पण नियम असा, की इंजिनाची सगळी हवा एकाच भोकातून गेली पाहिजे आणि त्या भोकाचा व्यास फक्त २० मिलिमीटर. नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा. या भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकला, की त्यापुढे कितीही ओढा, सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमपेक्षा जास्त हवा येतच नाही. सहाशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन १२ हजार आरपीएमला जवळपास तेवढीच मागतं, म्हणजे तिथे ते मर्यादेला टेकतं.

आपल्याकडे बऱ्याच टीम केटीएम ३९० चं एक सिलिंडरचं इंजिन वापरतात. त्याची सरासरी मागणी या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, पण एकच सिलिंडर असल्यामुळे ते हवा घोटाघोटाने घेतं. घोट घेताना मागणी एकदम उसळते, मग बराच वेळ काहीच नाही. म्हणून मुलं भोकाच्या पुढे एक डबा बसवतात. त्याला प्लेनम म्हणतात. नळाला धार बारीक असेल तर आपण टाकी भरून ठेवतो ना, तसं. त्या डब्याचा आकार किती ठेवायचा यावर या टीम रात्र रात्र वाद घालतात. एक्झॉस्टवरही घालतात, नाही असं नाही. पण रुपयाएवढं भोक समोर असताना मागची नळी कितीही मोकळी केली तरी ७४ चे ७५ होत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळतं.

मोठ्या खेळातला किस्सा तर भन्नाट आहे. १९९५ च्या वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर बंधनकारक होता. टोयोटाच्या सेलिका जीटी-फोरमध्ये तो बसवलेला होता, तपासणीत नीट दिसतही होता. पण स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीत तपासनिसांना आतली करामत सापडली. पाइप गाडीवर घट्ट आवळला, की आतल्या स्प्रिंग रेस्ट्रिक्टरला काही मिलिमीटर सरकवायच्या आणि त्याच्या कडेने जास्तीची हवा आत घुसायची. खोलून बघायला गेलं, की सगळं जागच्या जागी! नोव्हेंबरमध्ये एफआयएने टीमवर बारा महिन्यांची बंदी घातली, ड्रायव्हरचे गुण काढून घेतले. पण तेव्हाचे एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनाही त्यातल्या कल्पकतेची दाद द्यावीशी वाटली. एवढी चोरी केली कशाची? हवेची. आत येणाऱ्या हवेची.

पण एक्झॉस्ट अगदीच बिनकामाचा नाही

इथवर वाचून एखादा आरएक्स १०० वाला चिडला असेल. त्याचं चिडणं रास्त आहे.

एक्झॉस्टमधून फक्त धूर जात नाही, दाबाची लाटही जाते. ही लाट नळीच्या टोकाशी पोहोचली, की उलटी होऊन परत येते. जाताना दाबाची होती, येताना ओढीची होते. एक मीटर नळीत जाऊन परत यायला तिला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. फोर-स्ट्रोक इंजिनात एक छोटासा काळ असा असतो, की एक्झॉस्ट अजून पूर्ण मिटलेला नाही आणि इनटेक उघडू लागलाय. ओढीची लाट नेमकी त्या वेळी परत आली, तर ती उरलासुरला धूर काढतेच, शिवाय नवी हवाही आत खेचते. पिस्टन खाली जायच्या आधीच! म्हणजे मागची नळी पुढच्या श्वासाला हात देते. पण हे जमतं ठरावीक आरपीएमला. नळीची लांबी बदलली की ती वेळ चुकते.

‘थोडं बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर गाडी मरते’ हे मेकॅनिकचं आवडतं वाक्य याच अनुभवातून आलंय. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला आवडत नाही. पण नळी आखूड आणि रुंद केली, की लाटेची वेळ चुकते, धुराचा वेग पडतो आणि मधल्या आरपीएमला गाडी ढिली वाटते. मेकॅनिकचं निरीक्षण बरोबर, कारण चुकीचं.

टू-स्ट्रोकमध्ये तर हा खेळ टोकाला जातो. तिथे नवं मिक्श्चर आत येताना एक्झॉस्टचं दार उघडंच असतं, त्यामुळे बरंचसं मिक्श्चर सरळ बाहेर सटकतं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वाल्टर काडेन यांनी पन्नासच्या दशकात यावर लाटेचाच उपाय पक्का केला. नळी आधी फुगवायची, मग निमुळती करायची. फुगत जाणाऱ्या भागातून आलेली लाट धूर ओढते आणि निमुळत्या भागावर आपटून आलेली दुसरी लाट सटकलेलं मिक्श्चर परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ पर्यंत त्यांनी १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या रेसच्या वेळी पळून गेला, ते ज्ञान सोबत घेऊन सुझुकीकडे पोहोचला आणि १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीचं विश्वविजेतेपद पटकावलं. शीतयुद्धातली ही बहुधा एकमेव हेरगिरी असेल, जिच्यात चोरीचा माल म्हणजे सायलेन्सरचा आकार होता.

आरएक्स १०० ची नळी फुगीर आहे ती यामुळे. आवाजासाठी तिचं पोट कापून आतलं सामान काढणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांनी गाडीचं अर्धं इंजिन भंगारात घातलेलं असतं.

आता तुमच्या बीएस-६ गाडीकडे

१ एप्रिल २०२० नंतर आलेल्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो ईसीयूला सांगतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. साध्या चालवण्यात त्याचं लक्ष्य ठरलेलं असतं : तेच १४.७ ला १. तुम्ही नुसती पुंगळी बदललीत, पण एअर फिल्टर तोच, थ्रॉटल तोच, कॅम तोच आणि ईसीयूचा मॅपही तोच. आत येणाऱ्या हवेच्या वाटेतला एकही अडथळा हलला नाही. मग जास्तीची ताकद येणार कुठून? रेसिंगच्या गाडीत पूर्ण एक्झॉस्ट, फिल्टर आणि मॅप एकत्र बदलून डायनोवर जुळवतात, तेव्हा खरोखर काही हॉर्सपॉवर मिळतात. ते मी नाकारत नाही. पण ती कट्ट्यावरची ‘पिकअप डबल’वाली गोष्ट नव्हे. वीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर नुसत्या पुंगळीने जे वाढतं, त्यातलं बहुतेक कानात वाढतं. आवाज मोठा झाला की तोच वेग जास्त वाटतो. विश्वास नसेल तर पुंगळी बसवायच्या आधी आणि नंतर डायनोवर गाडी चढवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर वेगळं दुखणं. मिक्श्चर लीन होतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं. मग मेकॅनिक मोठा जेट टाकतो आणि अॅव्हरेज जातं. थ्रॉटल सोडल्यावर येणारे फटाके ज्यांना भारी वाटतात त्यांच्यासाठी : ते सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल असतं, नळीत जाऊन जळलेलं. तुम्ही पंपावर पैसे मोजले होते, त्यातलाच तो आवाज.

आणि पुंगळीबरोबर जे निघून जातं, ते कुणी सांगत नाही. अनेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या नळीत असतो. मधाच्या पोळ्यासारखी जाळी, वर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. तापल्यावर तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा बहुतांश भाग निष्प्रभ करतो. तो काढला, की मिनिटाला १९०० लिटरचा तो झोत जसाच्या तसा सिग्नलवर तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटीवालीच्या तोंडावर. तिच्या स्कूटीत कन्व्हर्टर आहे, तुमच्या गाडीत नाही, एवढाच फरक.

आवाजाचंही गणित आहे. कंपनीतून निघणाऱ्या १७५ सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या करतात. ८० चे ९० झाले म्हणजे आवाज ‘थोडा वाढला’ असं नाही, ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आणि वर तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता आहे. जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येऊन गेलेच असतील. त्या रांगेत कुणाच्या तरी दोन महिन्यांच्या पगाराची पुंगळी होती.

पावसाळ्यातला हिशेब

आत आणि बाहेर यांतला हा फरक सगळ्यात महाग पडतो तो पावसाळ्यात. रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, तुम्ही गाडी घातलीत आणि सायलेन्सर बुडाला. चालू इंजिनाला याचं फारसं काही वाटत नाही. फूटभर पाण्याचा दाब म्हणजे अॅटमॉस्फिअरच्या तीन टक्के. सिलिंडरमधून तीन-चार अॅटमॉस्फिअरने सुटणारा वायू ते बुडबुडे काढत सहज ढकलतो. गाडी बंद पडली तर मात्र पाणी नळीत मागे चढतं.

इनटेकचं तसं नाही. क्लासिक ३५० चं कॉम्प्रेशन ९.५ ला १. म्हणजे पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर उरते सुमारे ४१ सीसी जागा. कटिंग चहाच्या ग्लासातही याहून जास्त मावतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून तेवढं पाणी आत गेलं आणि पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च पूर्ण इंजिनाचा.

तेव्हा पाण्यात शिरण्याआधी सायलेन्सरची उंची बघत बसू नका. तुमच्या गाडीचा एअर फिल्टर कुठे आहे ते आजच बघून ठेवा. काही गाड्यांत सीटखाली असतो, स्कूटरमध्ये बऱ्याचदा मागच्या चाकाच्या बाजूला, बराच खाली. पाणी तिथवर असेल तर गाडी ढकलत न्या. आणि पाण्यात बंद पडलीच, तर काहीही झालं तरी सेल्फ मारू नका, किकही नको. कडेला घेऊन प्लग काढा, मग दोन-चारदा किक किंवा सेल्फ मारून आतलं पाणी प्लगच्या भोकातून उडू द्या, फिल्टर बदला. ऑइल दुधाळ दिसत असेल तर तेही बदलल्याशिवाय चालू करू नका.